वहिनींचा कागद

कविता ही लिपी, सीमा आणि सरकार या तिन्हींच्या पलीकडे असते. वाक्य माझं नाही. आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या साहित्य संमेलनांत दर हिवाळ्यात कुणी ना कुणी ते म्हणतं, आणि म्हणताना त्याचा उजवा हात आपोआप वर जातो. माझा अनुभव एवढाच, की कवितेला एक मांडव, एक माईक आणि पोलिसांची परवानगी लागते. ती मिळाली की मग कविता सगळ्याच्या पलीकडे जायला मोकळी होते.

भाताची मळणी उरकली की आमच्याकडे संमेलनं सुरू होतात. शहरात नाही, खेड्यांत. गावच बोलावतं, गावच मांडव घालतं आणि आलेल्या सगळ्यांना गावच जेवू घालतं. घाटापलीकडून आलेल्या पाहुण्यांना ही गर्दी बघून गहिवरून येतं. त्यांच्याकडे कविसंमेलनाला पुढच्या दोन रांगा भरल्या तरी आयोजक एकमेकांचं अभिनंदन करतात. इथं मांडवाबाहेरही माणसं उभी असतात. पाहुणे त्याचा संबंध भाषेवरच्या निष्ठेशी लावतात. निष्ठा आहेच, तिच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पण मांडवाच्या मागं मोठ्या काहिलींत गव्हाची खीरही शिजत असते. पूर्वी जेवण आधी आणि कविता नंतर असायच्या. एका वर्षी खीर वाढून झाली आणि कवी व्यासपीठावरून रिकाम्या सतरंज्यांकडे बघत बसले. तेव्हापासून उचगावच्या पुढच्या एका गावात नियम झाला: शेवटचा कवी खाली उतरल्याशिवाय खिरीवरचं झाकण काढायचं नाही. जो कवी जास्त वेळ वाचतो त्याच्याकडे लोक कसे बघतात, हे तिथं वाचल्याशिवाय कळायचं नाही.

मी बेळगावच्या कॅम्पातल्या एका इंग्रजी शाळेत मराठी शिकवतो. म्हणजे ज्यांना ते नको असतं त्यांना. त्या आधारावर मला या संमेलनांची निमंत्रणं येतात. ही हकीकत मात्र माझ्या वहिनींची आहे.

वहिनींचं माहेर निपाणीकडचं, हायवेपासून आत. घरात मराठी, दारात मराठी, पण गावात शाळा होती ती कानडी. मराठी शाळा ओढ्यापलीकडच्या गावात. मुलं ओढा ओलांडून जायची, मुलींना कोण पाठवणार. त्यामुळं वहिनी लिहायला शिकल्या त्या कानडी अक्षरांत. पुढं लग्न होऊन बेळगावात आमच्या अनगोळच्या घरी आल्या, भजनी मंडळात जाऊ लागल्या आणि तिथं आपण रचलेलं म्हणू लागल्या. रचायच्या मराठीत, उतरवून ठेवायच्या कानडीत. आमच्या घरी कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. दुकानाच्या यादीपासून आरतीपर्यंत त्यांचं सगळं मराठी कानडी अक्षरांतच असतं, आणि आमच्या भागात असं लिहिणाऱ्या त्या एकट्या नाहीत.

विशेष वाटलं ते एका वर्षी, दुसऱ्या एका गावच्या संमेलनात. नवोदितांत वहिनींना वाचायला बोलावलं होतं. या भागातल्या बहुतेक संमेलनांचा सूत्रसंचालक एकच असतो. एरवी विम्याचं काम करतो. माणूस वाईट नाही, पण हातात माईक आला की त्याला गप्प बसणं म्हणजे कामचुकारपणा वाटतो. त्यानं कविता किती लांब आहे बघायला वहिनींच्या हातातला कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि माईकवर म्हणाला, "आमच्या ताई वाट चुकून तर आल्या नाहीत ना? हे संमेलन मराठीचं आहे." लोक हसले. लोक अशा वेळी हसतात, त्यात राग नसतो. वहिनींनी कागद घेतला, घडी घातली आणि न वाचता खाली उतरल्या.

घरी येऊन त्यांनी रोजच्यासारख्या भाकरी थापल्या. पुढं पावसाळा गेला, दिवाळी गेली. उचगावच्या पुढच्या गावचं निमंत्रण माझ्याकडे आलं तेव्हा चहाचा कप माझ्यापुढं ठेवत त्या म्हणाल्या, "भावजी, माझं नाव घाला त्यात."

"घालतो की."

"आणि सांगून ठिवते, औंदा वाचल्याबिगर म्या खाली उतरायची न्हाय."

दादा पेपर वाचत होता. तो पेपराआडून म्हणाला, "खीर गार व्हईल गं लोकांची."

"होऊ दे की. वर्षभर गार चहा पिऊन मी काय मेले न्हाय."

नाव घालायला अडचण नव्हती. अडचण अशी निघाली, की सूत्रसंचालकानं या वर्षी नवी पद्धत काढली होती. सगळ्यांनी आपली कविता देवनागरीत, स्वच्छ अक्षरात, आधी पाठवायची. तो त्या क्रमानं फायलीत लावणार आणि ज्याचा नंबर येईल त्याच्या हातात व्यासपीठावरच कागद देणार. त्यामुळं वेळ वाचतो आणि कवी ऐनवेळी दुसरीच लांब कविता काढत नाही, हे त्याचं म्हणणं. खरं तर ते बरोबर होतं.

मग वहिनींनी कविता सांगितली आणि मी ती उतरवली. फळ्यावर लिहून लिहून माझं अक्षर ठळक आणि गोलसर झालंय. त्याची एक प्रत पाठवली, दुसरी वहिनींना सरावासाठी दिली. दुपारची कामं आवरली की त्या चष्मा लावून बसायच्या. देवनागरी त्यांना येत नव्हती असं नाही. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, देवळातले फलक त्या वाचायच्या. पण ते वाचणं पाटीपुरतं. एकेक अक्षर उचलून बाजूला ठेवल्यासारखं. भजनात जी कविता त्या बोलल्यासारखी म्हणायच्या, तीच माझ्या कागदावरून वाचताना ग्रामपंचायतीची नोटीस वाटायची.

दादा वैतागला. "पाठच कर की. तुझीच कविता हाय."

"पाठ हाय वो. पर मायक म्होरं आला की डोस्क्यातलं समदं उडून जातंय. हातात कागद पायजे."

"मग हाय की कागद. त्यानं लिवून दिलाय."

"त्यो त्यांचा कागद झाला," वहिनी म्हणाल्या. "मला माझा पायजे."

मी एक तोडगा सुचवला. फायलीतला कागद वर धरायचा आणि आपला त्याच्या खाली. कुणाला कळणार नाही. वहिनींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"लपवून वाचू? का बरं? म्या काय चोरी केलीया?"

मी चहा प्यालो.

संमेलनाच्या दिवशी सकाळी ग्रंथदिंडी निघाली. पालखीत दोन जाड ग्रंथ होते आणि ते सुतळीनं आवळून बांधले होते, कारण मागं एकदा चढावर त्यातला एक घसरून लेझीमवाल्यांच्या पायांत आला होता. कवींना फेटे बांधण्यात आले. वहिनींच्या अंबाड्यावर फेटा काही बसेना. बांधणाऱ्या म्हाताऱ्यानं दोनदा सोडून पुन्हा बांधला आणि म्हणाला, "आक्का, मान हलवू नगंस. म्हंजे दिवसभर."

"वाचताना तर हलणारच की."

"मग लहान कविता वाच."

संमेलनाध्यक्ष घाटापलीकडच्या कुठल्याशा कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक होते. त्यांचं भाषण छापील होतं आणि ते त्यांनी पूर्ण वाचलं. सुरुवातीचं ते वाक्य या वर्षी त्यांच्या वाट्याला आलं. लिपी म्हणताना हात खांद्यापर्यंत होता, सीमा म्हणताना कपाळापर्यंत, आणि सरकार म्हणताना तो मांडवाच्या झालरीला लागला. मग सीमाप्रश्नाचा ठराव झाला. तो दरवर्षी होतो. मजकूर बदलावा लागत नाही.

कविसंमेलनाला निमंत्रितांच्या खुर्च्या व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, खाली, मांडल्या होत्या. शेवटची खुर्ची माझी. माझ्या शेजारी, व्यासपीठाच्या खाली, पोलीस बसला होता. आमच्याकडे अशा कार्यक्रमांना पोलीस येतो, तिकाटण्यावर कॅमेरा लावतो आणि कोण काय बोललं ते लिहून घेतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. त्याला पाहुण्यांबरोबरच चहा मिळतो. हा पोलीस बागलकोटकडचा, तरुण, बदलीवर नुकताच आलेला. त्याला मराठी अजिबात येत नव्हतं आणि संध्याकाळी अहवाल द्यायचा होता. पहिल्या कवितेनंतर तो माझ्याकडे वाकला आणि कानडीत विचारलं, "सर, विषय काय होता?"

मी सांगितलं, "माती."

त्यानं लिहिलं. दुसरी कविता झाली. तो वाकला.

"माती," मी म्हणालो.

तिसरी आईवर होती. चौथी पुन्हा मातीवर. त्यानं लिहिता लिहिता थांबून विचारलं, "सर, ही तीच माती का दुसरी?" मी म्हणालो, तीच. त्यानं खूण केली आणि मोकळा झाला. मराठी कवितेचा इतका नेटका आढावा मी तोवर वाचला नव्हता.

मग माझं नाव पुकारलं. माझी कविता मुक्तछंदात होती आणि तीत सध्याच्या काळाबद्दल काही शंका व्यक्त केल्या होत्या. लोकांनी ती दवाखान्यात नंबरची वाट बघत बसावं तशी शांतपणे ऐकली. कविता संपायच्या आधीच वेळ राखणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांनी शाळेची घंटा वाजवली. मी खाली आलो. पोलीस वाकला. मी जरा विचार केला आणि म्हणालो, "माती लिहा."

माझ्यानंतर वहिनी.

सूत्रसंचालकानं त्यांना ओळखलं असावं, कारण या वेळी तो फार गोड बोलला. चूल आणि मूल सांभाळून शब्दांची दिवाळी वगैरे. फायलीतून माझ्या अक्षरातला कागद काढून त्यानं दोन्ही हातांनी वहिनींना दिला. वहिनींनी तो घेतला, एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीखाली ठेवला. मग कमरेला खोचलेली पर्स उघडून आपला घडीचा कागद काढला. वहीच्या मधलं पान, रेघांचं, घड्यांवर मऊ पडलेलं. मी दादाकडे पाहिलं. तो पुरुषांच्या बाजूला, खांबाजवळ बसला होता आणि मांडवाच्या छताकडे बघत होता.

सूत्रसंचालक माईककडे झुकला. "ताई, कागद तो आहे... तुमचा—"

"ह्यो माझा हाय," वहिनी म्हणाल्या. माईकमधून ते सगळ्या गावाला ऐकू गेलं. कर्णे रस्त्याच्या तोंडापर्यंत लावले होते. "लिवलाय कानडीत. कविता मराठीच हाय. मला शाळा गावली ती असली. ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा."

कुणी हसलं नाही. सूत्रसंचालकाच्या हातात बोलण्यासारखं काही नव्हतं, फाईल होती. तो ती उघडमिट करत उभा राहिला. वहिनींनी चष्मा काढला, पुन्हा लावला; फेट्याचा शेमला खांद्यावरून पुढं आला होता. माईकसमोर उडून जातं म्हणाल्या होत्या तो क्षण हाच, हे मला दिसत होतं. मागच्या वर्षी त्या अशाच माईकसमोरून उतरल्या होत्या.

बायकांच्या बाजूनं, पुढच्या रांगेतून, एक म्हातारी म्हणाली, "वाच गं बाई. आमच्या सुनंचंबी तसंच हाय. लगेच वाच, खीर लागायलीय खाली."

तिच्या शेजारची म्हणाली, "हलवाय ठिवलंय की माणूस."

"त्यो बी कविताच ऐकालाय तिकडं."

लोक हसले. वहिनीही हसल्या. मग चष्मा सारखा करून वाचायला लागल्या.

कविता त्यांच्या आईवर होती. पण माती तीत नव्हती. गावच्या स्टँडवर रोज निपाणीची गाडी धरणाऱ्या आईवर होती. तिला कुठलंच अक्षर वाचता येत नव्हतं. गाडीवरचा बोर्ड आधी एका लिपीत होता, मग दुसऱ्या लिपीत आला, त्यावरून गावात भांडणं झाली, डांबर फासलं गेलं, पुन्हा रंगवलं गेलं. मला आठवतं ते असं:

गाडीचा बोर्ड बदलला, आईला कुणी सांगितलं न्हाय.
सांगून तरी काय, पयला तरी तिला कुठं वाचता येत हुता.
ती बघती मागचा पोचलेला पत्रा,
आणि म्हणती, आली आमची गाडी.

पोचलेल्या पत्र्यावर मांडव हसला. हसणारे ठराव हात वर करून मंजूर करणारेच होते. वहिनी थांबल्या नाहीत. भजनात म्हणतात तशा, बोलल्यासारख्या, पुढं गेल्या. शेवट असा होता:

मग एक दिस नवी गाडी आली, पत्रा सरळ.
आई उभीच ऱ्हायली स्टँडवर.
दोन्ही भाषेत लिवलेलं गाव घिऊन
गाडी गेली.

कागदाची घडी घातली, नमस्कार केला आणि खाली उतरल्या. टाळ्या जरा उशिरा आल्या. हेडमास्तरांच्या हातात घंटा तशीच होती.

शेजारून पोलीस वाकला. मी विषय सांगणार तोच तो म्हणाला, नको सर. त्यानं वहिनींच्या हातातला कागद लांबूनच पाहिला होता. तो उठला, त्यांच्याकडे गेला आणि फार अदबीनं म्हणाला, "अक्का, स्वल्प कोडरी." जरा द्या. वहिनींनी दिला. तो तिथंच उभा राहून बोट ठेवत वाचायला लागला. शब्द मराठी, अक्षरं त्याची. अर्धं कळत नव्हतं, ते वहिनी कानडीत सांगत होत्या. पत्र्याशी आल्यावर तो मोठ्यानं हसला, आणि व्यासपीठावर त्या वेळी मातीची कविता चालू असल्यामुळं दोघातिघांनी मागं वळून पाहिलं. सकाळपासून ऐकलेल्यापैकी त्याला वाचता आलेली ही पहिली कविता. म्हणाला, अहवालाला जोडतो, साहेबांना नुसतं माती माती दिसलं तर ते मला विचारतील दिवसभर काय करत होतास.

"घ्या की," वहिनी म्हणाल्या. "माझं काम झालं."

शेवटी अध्यक्ष बोलायला उठले. वहिनी वाचत होत्या तेव्हा ते शेजारच्या देणगीदारांशी परतीच्या गाडीबद्दल बोलत होते, हे मी पाहिलं होतं. पण टाळ्यांचा अंदाज त्यांना बरोबर येत असावा. ते म्हणाले, आज या मातीतल्या एका माउलीनं आपल्याला जे दिलं ते अस्सल आहे. कुठल्याही विद्यापीठात न शिकलेल्या या हातांनी मायबोलीची जी अक्षरं गिरवली, ती या गावानं जपून ठेवावीत. कवयित्रीच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला तो कागद चौकट करून वाचनालयात लावावा, अशी सूचना मी करतो. सूचनेला टाळ्यांनी अनुमोदन मिळालं. सूत्रसंचालकानं तत्परतेनं पाण्याच्या बाटलीखालचा कागद उचलला, त्यावरचा पाण्याचा गोल रुमालानं टिपला आणि कमिटीच्या हवाली केला. तो काही म्हणेल असं मला वाटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात काहिलीवरचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

खीर खाली लागलेली नव्हती. वहिनींनी दोनदा घेतली. वाढणाऱ्या बायका त्यांना "पत्रा बाई" म्हणून हाक मारत होत्या आणि पुढच्या वर्षी आमच्या गाडीवर लिव म्हणून सांगत होत्या. दादा त्यांच्या फेट्याकडे बघून म्हणाला, "हलला न्हाय की गं अजून."

"मान कुठं हलवली म्या."

पुढच्या महिन्यात आम्ही मुद्दाम वाचनालय बघायला गेलो. चौकट चांगली केली आहे, सागवानी पट्टीची. विजेच्या बोर्डाशेजारी लावली आहे. खाली छापील चिठ्ठी आहे: कवयित्रीच्या स्वहस्ताक्षरात. वहिनींनी चष्मा लावला, एकेक अक्षर उचलत अर्ध्यापर्यंत वाचलं, मग कंटाळल्या.

"अक्षर बरं हाय तुमचं," त्या म्हणाल्या.

माझं लिहिलेलं काही आजवर चौकटीत लागलेलं नव्हतं. आता ते एका वाचनालयात आहे. मूळ कागद कर्नाटक सरकारच्या ताब्यात, त्या रविवारच्या बंदोबस्ताच्या अहवालाला टाचून ठेवलेला आहे.